एचआयव्हीची औषधे मेंदूचे रक्षण कितपत करतात?

एआरटी (एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणारे औषधोपचार) केंद्रातून नियमित गोळ्या नेणाऱ्या आणि 'रक्तात विषाणू आढळत नाही' असा अहवाल हाती असलेल्या माणसालाही एक शंका बरेचदा छळत असते. मासळीच्या लिलावाचा तोंडी हिशोब पूर्वी पटकन होत असे, तो आता मध्येच तुटतो. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन थांबते. जाळे सांधताना बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत. मग हा आजार डोक्यात शिरला की काय, किंवा वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्यांनीच बुद्धी बोथट केली की काय, अशी भीती मनात घर करते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे अशा गोष्टी सहसा कोणी उघड बोलत नाही आणि बोललेच तर 'वय झाले' एवढ्यावर विषय संपतो. त्या शंकेचे उत्तर आधीच सांगून टाकतो. एचआयव्हीची औषधे मेंदूला गंभीर हानीपासून फार चांगले संरक्षण देतात, मात्र औषध सुरू होण्यापूर्वी होऊन गेलेली हानी ती पूर्णपणे भरून काढू शकत नाहीत; त्यामुळे कोणती गोळी घेतली यापेक्षा ती केव्हा सुरू केली आणि तिच्यात खंड पडला का, याला अधिक महत्त्व आहे.

हे असे का, ते समजण्यासाठी विषाणू मेंदूत कसा पोचतो ते पाहावे लागते. आजार बळावण्याची तो वाट पाहत नाही. थायलंडमध्ये अगदी ताजी लागण झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतील काहींच्या मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात, लागण होऊन जेमतेम आठवडाभर झाला असतानाच, विषाणू सापडला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशींचा एक घट्ट अडसर असतो आणि तो रक्तातील नको ते पदार्थ मेंदूपासून दूर ठेवतो. परंतु शरीराच्या रक्षणासाठी फिरणाऱ्या काही पांढऱ्या पेशींना त्यातून ये-जा करता येते आणि विषाणू त्यांच्याच आत बसून पलीकडे जातो. तिथे पोचल्यावर विचार, स्मरण आणि हालचाल चालवणाऱ्या चेतापेशींना तो थेट लागण करत नाही. मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी आणि रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेज पेशी यांत तो बस्तान बसवतो. या पेशींतून दाह निर्माण करणारी रसायने आणि विषाणूची काही प्रथिने सतत पाझरत राहतात, आणि त्यांच्या माऱ्याने शेजारच्या चेतापेशी हळूहळू दुबळ्या होऊन त्यांच्या आपसातील जोडण्या तुटू लागतात.

या माऱ्याचा मोठा भाग मेंदूच्या खोलवरच्या भागांना सोसावा लागतो, म्हणून लक्षणांनाही एक ठरावीक वळण असते. विचाराचा वेग मंदावतो, लक्ष टिकत नाही, एका वेळी दोन कामे सांभाळता येत नाहीत, हातापायांचा चपळपणा कमी होतो, आणि काही जणांचा उत्साहच आटतो. घरच्यांना तो आळस वाटतो. म्हातारपणीच्या अल्झायमरमध्ये नुकतीच ऐकलेली गोष्ट मनात साठवलीच जात नाही, त्यामुळे खूण देऊनही ती आठवत नाही. एचआयव्हीमुळे आलेल्या मंदपणात बहुतेक वेळा गोष्ट आत असते, फक्त बाहेर यायला उशीर लागतो आणि थोडी आठवण करून दिली की येते. शिवाय अल्झायमर पुढे पुढेच सरकत जातो. एचआयव्हीमुळे आलेला मंदपणा उपचाराखाली वर्षानुवर्षे आहे तिथेच राहू शकतो आणि काहींच्या बाबतीत कमीही होतो.

औषधे येण्यापूर्वीचे चित्र आजच्या पिढीला ठाऊक नसल्यामुळे आपण कोठून कोठे आलो याचा अंदाज येत नाही. त्या काळी एड्सच्या अवस्थेला पोचलेल्यांपैकी साधारण १५ ते २० टक्के लोकांना उघड स्मृतिभ्रंश होत असे. तरुण माणूस काही महिन्यांत बोलणे, चालणे, कपडे बदलणे यांसाठी दुसऱ्यावर अवलंबून होई. १९८७ मध्ये अमेरिकेत झिडोव्हुडीन या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली आणि त्या एकट्या औषधानेही काही रुग्णांची बुद्धी काही काळ सुधारते असे दिसले. परंतु १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळल्यावर हा भीषण प्रकार झपाट्याने ओसरला. अमेरिकेतील सहा केंद्रांत १,५५५ एचआयव्हीबाधित व्यक्तींची तपासणी करून २०१० मध्ये 'चार्टर' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात असा स्मृतिभ्रंश जेमतेम २ टक्के जणांमध्ये आढळला. मेंदूच्या रक्षणाविषयी औषधांच्या बाजूने एकच पुरावा द्यायचा झाल्यास मी हाच देईन.

त्याच अभ्यासातील दुसरा आकडा मात्र लोकांना घाबरवतो, आणि तो नीट उलगडून सांगितला जात नाही असे मला वाटते. सुमारे १२ टक्के लोकांमध्ये रोजच्या कामात थोडी अडचण आणणारा सौम्य दोष होता आणि आणखी ३३ टक्के जणांना बुद्धीच्या चाचणीत अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले होते, पण त्यांच्या रोजच्या जगण्यात कसलीही अडचण नव्हती. हे सारे एकत्र मोजून 'औषध घेणाऱ्या जवळपास निम्म्या लोकांचा मेंदू बिघडलेला असतो' असे वाक्य तयार झाले आणि ते वर्षानुवर्षे फिरत राहिले. २००७ मध्ये ठरलेल्या ज्या निकषांवर हे वर्गीकरण झाले, त्यांची चाळण इतकी बारीक होती की एचआयव्ही नसलेल्या निरोगी लोकांची तशीच परीक्षा घेतली तर त्यांतील सुमारे २० टक्के लोकही तिच्यात अडकतील, असे पुढे दाखवून देण्यात आले. २०२३ मध्ये विविध देशांतील तज्ज्ञांच्या एका गटाने याच कारणाने नवी शिफारस केली. चाचणीतील कमी गुण म्हणजे मेंदूचा विकार असे धरू नये. व्यक्तीला स्वतःला जाणवणारा त्रास, चाचणीचा निकाल आणि इतर संभाव्य कारणे यांचा मिळून विचार करावा, असा तिचा आशय आहे.

आपल्या किनाऱ्यावर या मुद्द्याला आणखी एक बाजू आहे. या चाचण्या कागद-पेन्सिल, अंक आणि अक्षरे यांच्यावर बेतलेल्या असतात, आणि त्यांत मिळणारे गुण शिक्षणानुसार खूप बदलतात. चौथीपर्यंत शिकलेला एखादा तांडेल वारा, भरती-ओहोटी आणि पाण्याचा रंग पाहून नौका कोठे न्यायची ते अचूक ठरवतो, पण आकड्यांची ठिपकेजोडणी घड्याळ लावून करायला सांगितली तर तो मागे पडेल. त्याची तुलना त्याच्याच वयाच्या आणि तेवढेच शिकलेल्या माणसांशी केली नाही, तर निष्कर्ष चुकीचा निघणे अटळ आहे. पूर्वीच्या तुलनेत त्याच्या कामात फरक पडला आहे का, हे त्याच्या नौकेवरचे खलाशी आणि घरची माणसे अधिक खात्रीने सांगू शकतात.

तरीही काही लोकांमध्ये, विषाणू दबलेला असूनही, खरोखरचा मंदपणा उरतो. अनेक अभ्यासांत त्यामागे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे, ती म्हणजे औषध सुरू होण्यापूर्वी सीडी फोर पेशी (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी; एका घन मिलिमीटर रक्तात त्या किती ते मोजतात) किती खाली गेल्या होत्या. 'चार्टर'मध्ये औषधावर असलेल्या, इतर मोठे आजार नसलेल्या आणि विषाणू दबलेल्या ज्या व्यक्तींचा सीडी फोर कधीही २०० च्या खाली गेला नव्हता, त्यांच्यात चाचणीतील दोषाचे प्रमाण ३० टक्के होते. बाकीच्यांत ते ४७ टक्के भरले. म्हणजे प्रतिकारशक्ती कोसळलेली असताना मेंदूत जे घडून गेले, त्याची खूण मागे राहते. खाडीलगतच्या खारजमिनीची ज्यांना माहिती आहे त्यांना हे लगेच कळेल. बांध फुटून उधाणाचे पाणी भातशेतीत शिरले, तर बांध पुन्हा बांधल्यावर नवे पाणी यायचे थांबते, पण जमिनीत मुरलेले मीठ धुऊन जायला कित्येक पावसाळे जातात आणि एखादा कोपरा तसाच खारा राहतो.

भारतात या गोष्टीचा थेट संबंध उपचारांच्या इतिहासाशी आहे. सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हा केंद्रे मोजकी होती आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांतले एक होते. कोकणातील कित्येक घरांतला कर्ता पुरुष त्या वेळी मुंबईत चाकरी करत असल्याने अनेकांची औषधेही मुंबईतच सुरू झाली. त्या काळच्या नियमानुसार सीडी फोर साधारण २०० च्या खाली आल्यावर किंवा आजार बळावल्यावरच औषध मिळे. ही मर्यादा पुढे ३५० आणि नंतर ५०० झाली, आणि २०१७ पासून सीडी फोर कितीही असला तरी निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. त्यामुळे पहिल्या दहा वर्षांत औषध सुरू केलेल्या आणि आता पन्नाशी-साठीत असलेल्या माणसांमध्ये जुन्या हानीची खूण असण्याची शक्यता अधिक आहे. आज निदान होऊन त्याच आठवड्यात गोळी सुरू करणाऱ्या तरुणाने त्यांच्याकडे पाहून आपले भविष्य ठरवू नये.

लवकर सुरुवात केली तर मेंदूला अधिकचा लाभ मिळतो का, याचा एक प्रामाणिक प्रयोगही झाला आहे. 'स्टार्ट' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीडी फोर ५०० च्या वर असलेल्या लोकांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. एका गटाला लगेच औषध मिळाले, दुसऱ्याला सीडी फोर ३५० पर्यंत उतरल्यावर. २०१५ मध्ये त्याचा मुख्य निकाल आला, आणि लगेच औषध घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार व मृत्यू निम्म्याहून कमी असल्याचे स्पष्ट झाले. त्यातील ५९२ जणांच्या बुद्धीच्या चाचण्या मात्र तीन वर्षांहून अधिक काळ घेऊनही दोन्ही गटांत फरक सापडला नाही. ही निराशाजनक बातमी वाटेल, पण मी तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहतो: प्रतिकारशक्ती चांगली असताना थोड्या वर्षांत मेंदू फारसा झिजत नाही, आणि सीडी फोर खूप खाली जाऊ न देणे हेच मेंदूचे खरे संरक्षण आहे. बालकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा मेंदू घडत असतो, आणि दक्षिण आफ्रिकेतील एका प्रयोगात जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांच्या आत औषध सुरू केलेल्या बाळांचा बौद्धिक व शारीरिक विकास उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा चांगला झाल्याचे दिसले.

मग मेंदूत जास्त शिरणारी गोळी मागून घ्यावी का? हा प्रश्न तर्काला धरून आहे, कारण सर्व औषधे त्या अडसरातून सारखी आत जात नाहीत. काहींना तर अडसरातील पेशी चक्क उचलून परत रक्तात फेकतात. २००८ मध्ये संशोधकांनी औषधांना मेंदूतील शिरकावानुसार गुण देण्याची पद्धत मांडली. तिच्यात झिडोव्हुडीन व नेव्हिरापीन यांना वरचे गुण मिळाले आणि टेनोफोव्हिरला खालचे. वरचे गुण असलेल्या औषधांनी मेंदूभोवतीच्या पाण्यातील विषाणू अधिक चांगला दबतो, हे खरे ठरले. परंतु बुद्धी सुधारते का, या प्रश्नावर अभ्यासांची उत्तरे एकमेकांशी जुळेनात. एका प्रयोगात फायदा दिसला नाही, तर युरोप व अमेरिकेतील मोठ्या नोंदींच्या एका विश्लेषणात वरचे गुण असलेल्या औषधांवरील लोकांमध्ये स्मृतिभ्रंश थोडा जास्तच आढळला. चालू औषधांत डोल्युटेग्राव्हिर आणि माराव्हिरॉक यांची भर घालून बुद्धी सुधारते का हेही तपासले गेले, आणि फायदा दिसला नाही. म्हणून व्हायरल लोड (विषाणूचे प्रमाण) दबलेला असताना केवळ 'मेंदूत जास्त जाते' म्हणून चांगली चाललेली औषधे बदलण्याला आज आधार नाही. आणि सध्या आपल्याकडे पहिल्या फळीत, म्हणजे उपचाराच्या सुरुवातीला, दिल्या जाणाऱ्या एकाच गोळीत डोल्युटेग्राव्हिर असतेच, जे विषाणू दाबण्याइतक्या प्रमाणात मेंदूभोवतीच्या पाण्यात पोचते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. क्वचित असे घडते की रक्तात विषाणू दबलेला असतो, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात तो वाढत राहतो आणि तिथे औषधांना दाद न देणारे रूप धारण करतो. पुण्यातील डॉक्टरांनी पश्चिम भारतातील अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. दुसऱ्या फळीतील (पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावर दिल्या जाणाऱ्या) काही औषधांवर, विशेषतः अटाझानाव्हिरवर असलेल्यांमध्ये आणि पूर्वी औषधांत खंड पडलेल्यांमध्ये हे तुलनेने अधिक दिसते. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत जाणारा गोंधळ, चालताना तोल जाणे, हात थरथरणे, झटके येणे अशी त्याची चिन्हे असतात. रक्ताच्या अहवालावर विसंबून येथे चालत नाही. पाठीच्या कण्यातून पाणी काढून त्याचा व्हायरल लोड पाहावा लागतो. या तपासणीची लोकांना विनाकारण धास्ती असते, 'पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो' असे गावोगाव बोलले जाते, आणि त्यापायी मौल्यवान दिवस वाया जातात. निदान झाल्यास औषधे बदलून अनेकांना चांगला उतार पडतो, आणि औषध मेंदूत किती शिरते हा हिशोब खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो अशा वेळीच.

गोळ्यांमुळेच डोके बिघडते का, या शंकेत थोडे तथ्य आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत पहिल्या फळीत इफाव्हिरेन्झ हे औषध होते. ते घेतल्यावर चक्कर येणे, भडक स्वप्ने पडणे, झोप मोडणे, मन खिन्न होणे असे त्रास अनेकांना होत, आणि शरीरात ते सावकाश मोडणाऱ्यांत, ज्यांचे प्रमाण भारतीयांत कमी नाही, ते अधिक होत. म्हणून ते रात्री झोपताना घेण्यास सांगत. रात्रभर ट्रॉलरवर जाळी ओढणाऱ्या खलाशाने ही सूचना पाळायची कशी, याचा विचार सूचना देणाऱ्याने केलेला नसे. डोके गरगरत असताना ओल्या डेकवर उभे राहण्यापेक्षा त्याने समुद्रावरच्या दिवसांत गोळीच टाळली, तर त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०२० च्या सुमारास सरकारी केंद्रांत इफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आले. त्यानेही थोड्या लोकांची झोप उडते किंवा मन अस्वस्थ होते, पण ते दिवसा कधीही घेता येत असल्यामुळे सकाळी घेतल्यास हा त्रास बहुधा कमी होतो. कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या आणि पित्तावरची काही औषधे सोबत घेतल्यास ते नीट शोषले जात नाही, हे मात्र विचारून घ्यावे.

आता कारणांच्या त्या गठ्ठ्याकडे वळतो ज्यात बहुसंख्य रुग्णांचे उत्तर दडलेले असते. विषाणू दबलेला असताना विसराळूपणा वाढला, तर सर्वप्रथम रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, दारू आणि झोप यांच्याकडे पाहावे. दीर्घकाळ चढा राहिलेला रक्तदाब मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या नासवतो, आणि पावसाळाभर सुक्या मासळीतून व लोणच्यातून पोटात जाणारे मीठ त्याला हातभार लावते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला कोणालाच आवडत नाही. नैराश्य तर हुबेहूब मंदपणासारखे दिसते, आणि वर्षानुवर्षे गुपित सांभाळणाऱ्या माणसाला ते न आले तरच नवल. ताप, सतत वाढणारी डोकेदुखी, उलट्या, एक बाजू लुळी पडणे किंवा झटके ही लक्षणे मात्र वेगळ्या वाटेची आहेत. त्यांमागे मेंदूचा टीबी, बुरशीचा मेंदूज्वर किंवा टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग असू शकतो आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. घरचे लोक अशा वेळी देवळात कौल लावतात, गाऱ्हाणे घालतात. त्याला कोणाची हरकत नाही, पण गाडी रुग्णालयाच्या दिशेने निघाल्यावर.

कधी कधी असेही ऐकू येते की भारतात आढळणारा एचआयव्हीचा 'सी' उपप्रकार मेंदूला कमी त्रास देतो. त्याच्या एका प्रथिनातील बदलामुळे दाह कमी होत असावा, असे बंगळूरच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले होते, परंतु पुणे आणि चेन्नई येथील रुग्णांच्या अभ्यासांत बुद्धीतील दोष आढळले आहेतच. त्यामुळे या दिलाशावर विसंबून गोळी लांबवू नये.

खंड पडण्याची आपल्याकडची कारणे डोळ्यांसमोर आहेत. गणपती आणि शिमग्याला मुंबईहून आलेला चाकरमानी गोळ्यांचे पाकीट खोलीवरच ठेवून येतो, कारण भरल्या घरात ते कोणाच्या हाती लागेल याची भीती असते. ओळखीचे कोणी दिसू नये म्हणून कित्येक जण शेजारच्या जिल्ह्यातील केंद्रात नाव नोंदवतात, आणि पावसात घाट बंद झाला की तारीख चुकते. नौका आठ-दहा दिवस बाहेर राहते. यांवर व्यवहारी उपाय आहेत: तब्येत स्थिर असणाऱ्यांना एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात, प्रवासात असताना जवळच्या केंद्रातून औषध घेण्याची सोय विचारता येते, आणि गोळ्या साध्या डबीत काढून ठेवण्याविषयी केंद्रातील औषधनिर्मात्याशी बोलता येते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार काही ठरावीक अपवाद वगळता रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई आहे. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.

स्वतःला फरक जाणवत असेल तर पुढच्या भेटीत 'विसरायला होते' एवढेच न सांगता कोणत्या कामात, केव्हापासून आणि किती वेळा ते सांगावे, आणि शक्य असल्यास विश्वासातले घरचे माणूस सोबत न्यावे. डॉक्टर किंवा समुपदेशक काही मिनिटांची एक साधी चाचणी घेऊ शकतात. अंगठा व तर्जनी वेगाने जुळवणे, मूठ-तळहात-कड अशा क्रमाने हात टेकवणे आणि चार शब्द थोड्या वेळाने आठवून सांगणे, एवढेच तिच्यात असते. अक्षरओळख लागत नाही. बारापैकी दहा किंवा त्याहून कमी गुण पडले तर आजार ठरत नाही, पुढील तपासणी करावी एवढाच त्याचा अर्थ होतो. मग ताजा व्हायरल लोड, साखर, रक्तदाब, थायरॉइड, बी-१२ आणि सिफिलिसची रक्ततपासणी, मनाच्या अवस्थेची चौकशी, आणि गरज पडल्यास मेंदूचे स्कॅन व पाठीतले पाणी, असा क्रम लागतो. हे सारे चालू असताना एआरटीची गोळी स्वतःहून थांबवायची नाही, कारण ती थांबली की काही आठवड्यांतच विषाणू रक्तात परततो आणि त्यापाठोपाठ मेंदूभोवतीच्या पाण्यातही.